साक्षीची पंधरा मिनिटं आम्हाला परत द्या

आदरणीय पाळकसाहेब, चिटणीस आणि मंडळीच्या पंचायतीचे सर्व सभासद यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

आपल्या चर्चच्या उपासनेतली साक्षीची वेळ तुम्ही बंद केलीत, त्याबद्दल मी तुम्हाला आधी दोन पत्रं दिली. पहिलं चिटणिसांच्या हातात दिलं, दुसरं दानार्पणाच्या पिशवीत टाकलं, म्हटलं पैसे मोजताना तरी कोणी वाचेल. दोन्ही वेळा ‘विचार करू’ एवढंच कळलं. म्हणून हे तिसरं सगळ्यांच्या देखत लिहिते आहे. किनाऱ्यावरच्या दुसऱ्या लहान मंडळ्यांतही असंच काहीसं चाललं आहे, असं नात्यागोत्यातून कानावर येतं. तिथल्या पंचायतींनी हे पत्र आपल्यालाच आलं असं समजायला माझी हरकत नाही. आपल्या मंडळीचं नाव मी मुद्दाम घातलेलं नाही. ओळखायचं ते ओळखतील.

ईस्टरनंतर फळ्यावर तीन कागद लागले. वरच्यात लिहिलं होतं की आवारातली हापूसची कलमं लिलावात गेली आहेत, मुलांनी खाली पडलेला आंबाही उचलू नये. खालच्यात दफनभूमीतलं गवत काढायला कोण येणार त्यांची नावं मागितली होती. मधला कागद असा: जूनच्या पहिल्या रविवारपासून उपासनेतली साक्षीची वेळ बंद. ज्यांना साक्ष द्यायची आहे त्यांनी ती एका पानात लिहून आठ दिवस आधी चिटणिसांकडे द्यावी, निवडक साक्षी महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचून दाखवल्या जातील. आंबे, साक्ष आणि गवत, तिन्हींना सारखंच माप.

हे पत्र जे ख्रिस्ती नाहीत असेही काही जण वाचतील, माझ्या शेजारणी तर नक्कीच, म्हणून त्यांच्यासाठी थोडं सांगते. साक्ष म्हणजे प्रवचन नव्हे. आमच्याकडे दुसरं गीत झालं की पाळक विचारायचे, “कोणाला काही सांगायचंय का?” मग थोडा वेळ कोणीच उठायचं नाही. पंखा फिरायचा, कोणीतरी खोकायचं. मग एखादी बाई पदर सावरत उभी राहायची आणि या आठवड्यात, या वर्षात किंवा या जन्मात देवानं आपल्याशी काय केलं ते सांगायची. कधी दोन मिनिटं, कधी दहा. शेजारणींना यात काही परकं वाटायचं कारण नाही. दुष्काळात अन्न अन्न करत गेलेली बायको आणि बुडालेला धंदा तुकोबांनी आपल्या अभंगात सांगितलाच आहे, आणि सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंनी तर आपलं सगळं आयुष्य अभंगांत मांडलं. देवाबद्दल बोलायचं तर स्वतःपासून सुरुवात करायची, ही रीत या मातीत मिशनऱ्यांच्या आधीपासून आहे.

आता माझा यात काय संबंध, ते.

माझे वडील घाटावरचे, नगर जिल्ह्यातले. शिक्षक म्हणून कोकणात आले आणि इथलेच झाले. मी तेहतीस वर्षं परिचारिकेची नोकरी केली. माझे यजमान बंदरावर लाँचच्या इंजिनांचे मिस्त्री होते. कामात हात सोन्याचा, पण हातात पैसा आला की तो गुत्त्यावर जायचा. हे मी आज प्रथम सांगते आहे असं नाही, मंडळीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. १९९६ च्या पावसाळ्यात, लाँच किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असताना, एका रविवारी ते माझ्या शेजारून उठले. मला वाटलं, बाहेर चालले. ते तिथेच उभे राहिले आणि म्हणाले, “दारू सोडली असा मी बोलनार नाय. काल घेतली नाय. आज घेतली नाय. उद्याचा तुम्ही बघा.” आणि खाली बसले.

एवढीच साक्ष. त्यात बायबलचं वचन नव्हतं, परमेश्वराचं नावसुद्धा नव्हतं. तुमच्या एका पानाच्या नियमात ती निवडली गेली असती का, हे तुम्हीच मला सांगा.

पण ‘उद्याचा तुम्ही बघा’ हे लोकांनी मनावर घेतलं. सोमवारी संध्याकाळी आमच्याकडे तिघं चहाला आले, त्यांना त्याआधी कधी आमच्या चहाची आठवण झाली नव्हती. ज्या लाँचमालकाकडे यजमान काम करायचे तो मंडळीतला नव्हता, मुसलमान होता. त्याच्या कानावर कोणीतरी घातलं, तर त्यानं त्या आठवड्यापासून मजुरी माझ्या हातात द्यायला सुरुवात केली. मधे दोनदा पाय घसरला. दोन्ही वेळा ते पुढच्या रविवारी उभे राहिले आणि तसं बोलले. तिसऱ्यांदा घसरला नाही. पुढची वीस वर्षं आमचं घर त्या चार वाक्यांवर उभं होतं. ती वाक्यं कागदावर लिहून चिटणिसांनी शेवटच्या रविवारी वाचली असती, तर सोमवारी चहाला कोण आलं असतं? कागदाला कोणी चहा विचारत नाही.

माझं म्हणणं असेल तर ते एवढंच. साक्षीचं मोल ती ऐकणाऱ्यांत असतं. जे तुम्हाला रोज बघतात, ज्यांना तुमची उधारी माहीत आहे, तुमच्या घरातला आरडाओरडा ज्यांनी भिंतीपलीकडून ऐकला आहे, त्यांच्या तोंडावर उभं राहून बोलायचं असतं. मग ते बोलणं त्यांनाही बांधतं आणि आपल्यालाही.

शास्त्रातही तेच आहे, आणि ते मी पाळकसाहेबांना शिकवावं हे शोभत नाही, पण आता लिहायलाच बसले आहे. मार्काच्या पाचव्या अध्यायातला भूतग्रस्त बरा झाल्यावर येशूबरोबर नावेत चढू पाहतो. येशू त्याला सोबत घेत नाही. आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा आणि प्रभूनं तुझ्यासाठी काय केलं ते त्यांना सांग, असं म्हणतो. ज्या गावानं त्याला साखळदंडांनी बांधून पाहिलं होतं, जे त्याला घाबरायचे, तिथेच त्याला परत पाठवलं. योहानाच्या नवव्या अध्यायातला जन्मांध बघा. त्याला डोळे आल्यावर पहिली चर्चा करतात ते शेजारी. बसून भीक मागायचा तो हाच का? कोणी म्हणतं हाच, कोणी म्हणतं त्याच्यासारखा दिसतो. मग तो स्वतः म्हणतो, मीच तो. परूश्यांनी, म्हणजे तेव्हाच्या यहुदी धर्मपुढाऱ्यांनी, त्याला धर्मशास्त्राचे प्रश्न विचारून दमवलं, तेव्हा त्याच्याकडे एकच उत्तर होतं, की मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. त्यांनी शेवटी त्याला बाहेर घालवलं. त्या पंचायतीलाही बहुतेक लेखी हवं असावं.

आणि पुनरुत्थानाची पहिली साक्ष कोणी दिली? बायकांनी. त्या कबरेवरून धावत आल्या, सांगितलं, आणि लूक सरळ लिहितो की प्रेषितांना ते बोलणं पोकळ वाटलं, त्यांचा विश्वास बसला नाही. ‘निवडक साक्षी’ हा शब्द फळ्यावर वाचला तेव्हा मला ती सकाळ आठवली. त्या दिवशी निवड समिती असती, तर ईस्टर झाला नसता. म्हणजे झाला असता, पण आपल्याला कळला नसता.

आता तुमची कारणं. चिटणिसांनी मला ती तोंडी सांगितली. ती खोटी आहेत असं मी म्हणत नाही.

पहिलं कारण वेळेचं. उपासना आता मोबाईलवरून थेट दाखवली जाते. मुंबईत, पुण्यात, आखातात असलेली आपली मुलं ती बघतात आणि दीड तासाच्या वर ताणलं की बंद करतात. यावर मी काय बोलू? मुलं बघतात याचा मला आनंदच आहे, माझा मुलगाही बघतो. पण जी माणसं प्रत्यक्ष बाकावर बसली आहेत त्यांचं तोंड बंद करून जी बाकावर नाहीत त्यांची सोय करायची, हा हिशेब मला कळत नाही. माझ्या मुलाला मी विचारलं. तो म्हणाला, “आई, मी साक्षीच ऐकायला लावतो. संदेश तर इथल्या चर्चमध्येही मिळतो. आपली माणसं काय बोलतात ते इथे कुठे मिळणार?”

दुसरं कारण असं, की त्याच त्याच साक्षी होतात. हे मात्र खरं आहे. आपल्या मंडळीत एक आजी होत्या, काजूच्या कारखान्यात बिया फोडून त्यांची बोटं त्या तेलानं कायमची काळी पडली होती. मे महिन्यात विहीर आटली असताना देवानं पाणी कसं दिलं ही गोष्ट त्यांनी किमान वीस वर्षं सांगितली. संडेस्कूलची मुलं त्यांच्याबरोबर ओठ हलवायची. मी स्वतः त्या वेळात मनातल्या मनात दुपारच्या कालवणाचा नारळ खवून घेतलेला आहे. पण आजी गेल्या त्या वर्षी मे महिन्यात आमच्या वाडीची विहीर तळाला गेली आणि माझ्या तोंडून आपोआप त्यांचे शब्द निघाले. हंडा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माझ्या सुनेनं पुढचं वाक्य पूर्ण केलं. सून लग्न होऊन आली त्याला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. स्तोत्रं तरी आपण रोज नवी कुठे म्हणतो? आजींना लिहिता येत नव्हतं. तुमच्या नियमाखाली त्यांना एकदाही उभं राहता आलं नसतं.

तिसरं कारण बाहेरच्या वातावरणाचं. कोणीतरी साक्षीचा तुकडा कापून व्हॉट्सॲपवर फिरवेल, त्याचा भलताच अर्थ लावेल, उगीच गोंधळ होईल. ही भीती मी समजू शकते, मीही वर्तमानपत्र वाचते. पण या दुखण्यावर मोबाईल बंद ठेवणं हे औषध आहे, माणूस गप्प करणं हे नाही. साक्ष देणारी बाई कोणाला ओढून आणत नाही, आमिष दाखवत नाही, कोणाच्या देवाला नावं ठेवत नाही. ती आपली कथा सांगते. पेत्रानं पहिल्या पत्रात विश्वासाचं कारण सांगायला तयार राहा म्हटलं आहे, तेही सौम्यतेनं आणि भीडेनं. सौम्यपणे स्वतःबद्दल बोलणं हा गुन्हा नाही. आपण तो गुन्हा असल्यासारखे वागू लागलो तर मग इतरांनी तसं समजलं याचं नवल काय?

चौथं कारण तुम्ही अर्धवटच बोललात, पण मला ते सगळ्यांत खरं वाटतं, म्हणून त्यावर जरा थांबते. साक्षींचा गैरवापर होतो. होय, होतो. आपल्या मंडळीत एका सासूनं साक्षीच्या नावाखाली सुनेची सगळी उणीदुणी काढली होती, शेवटी ‘प्रभूनं मला सोसायचं बळ दिलं’ असं जोडून. सून तिसऱ्या बाकावर बसलेली होती. एका गृहस्थांनी देणगी किती दिली ते आकड्यासकट सांगितलं. आणि एकदा जे झालं त्याची मला अजून झोपेत आठवण येते.

बाहेरून एक पाहुणे आले होते. मोठा आवाज, चांगला कोट, तासभर बोलले. आपला मधुमेह प्रार्थनेनं मुळापासून गेला, गोळ्या आणि सुया समुद्रात फेकल्या, ज्याला विश्वास आहे त्यानं हेच करावं, असं त्यांनी सांगितलं. मागच्या बाकावर आपले एक भाऊ बसले होते, ते इन्सुलिनवर होते. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून सुई बंद केली. कोणाला सांगितलं नाही. दोन-तीन आठवड्यांनी त्यांच्या घरच्यांनी मला बोलावलं तेव्हा साखर चारशेच्या वर होती आणि पायाच्या जखमेला वास येत होता. दोन बोटं काढावी लागली. ते भाऊ आज हयात आहेत, आणि त्यांच्या संमतीनंच मी हे लिहिते आहे.

तेव्हा साक्षीनं इजा होते हे मला कोणी पटवायला नको, त्या जखमेचं ड्रेसिंग मी केलं आहे. पण जरा बघा की ती साक्ष आपल्या पंधरा मिनिटांत आलेली नव्हती. तुम्ही बोलावलेल्या माणसानं, व्यासपीठावरून, माइक हातात घेऊन ती दिली होती. त्याची साखर कोणी तपासली होती? तो कुठल्या गावचा, त्याच्या घरी कोण, तो परत जाऊन गोळी घेतो की नाही, आपल्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. हेच आपल्यातलं कोणी उठून बोललं असतं तर प्रभुभोजनाआधीच त्याची बायको म्हणाली असती, “काय सांगतोस? सकाळीच घेतलीस की गोळी.” लहान गावात खोटी साक्ष तीन दिवस टिकत नाही. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा पाळायला शेजाऱ्यांचा फार उपयोग होतो. आणि तुम्ही काय केलंत? शेजाऱ्यांसमोरची साक्ष बंद केली. पाहुण्यांची चालूच आहे. येत्या कापणीच्या सणाला परत असेच कोणी येणार असल्याचं कळतं. पत्रिका छापून झाली आहे.

माझी नाराजी या एका गोष्टीत सगळ्यांत जास्त आहे.

आणखी एक सांगायचं आहे, ते बोलायला मला अवघड जातं.

यजमान २०१६ साली गेले. दारू सुटून वीस वर्षं झाली होती, पण यकृतानं जुना हिशेब ठेवला होता. मी परिचारिका, मला रिपोर्ट वाचता येत होते. तरी मी प्रार्थना केली, मंडळीनं उपास केला. ते गेलेच. त्यानंतर दीडेक वर्ष मी साक्षीच्या वेळी खाली बघत बसायची. मग एका रविवारी, का कोण जाणे, उठले आणि म्हणाले, “मी मागितलं ते मला मिळालं नाही. मला देवाचा राग आहे. तरी मी आज आले आहे, कारण घरी राग धरून बसण्यापेक्षा इथे बसलेलं बरं.” कोणी आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेब, तेव्हाचे पाळक तुम्ही नव्हता, त्यांनी थोडा वेळ थांबून पुढचं गीत लावलं. मला वाटलं चुकलंच माझं. उपासना सुटल्यावर एक मुलगी माझ्याजवळ आली. दोन महिन्यांपूर्वी तिचं बाळ पोटातच गेलं होतं. ती म्हणाली, “मावशी, मला वाटायचं असं फक्त माझंच होतं.” आम्ही दोघी विहिरीच्या कट्ट्यावर बसलो, सगळे घरी गेले तरी.

ही साक्ष ‘निवडक’मध्ये बसत नाही. जिच्या शेवटी सगळं गोड होतं अशीच साक्ष कागदावर निवडली जाते, हे मला माणसांच्या स्वभावावरून कळतं, तुमच्या हेतूबद्दल मी काही म्हणत नाही. पण ज्यांना आपण मोठे म्हणतो त्यांनी तसं केलेलं नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहिली, त्यात त्यांनी कबूल केलं की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हे लिहीपर्यंत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं होतं, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं होतं, देशाबाहेर त्यांचं नाव होतं. एवढ्या बाईनं हे लिहून ठेवायची काय गरज होती? लक्ष्मीबाई टिळकांचं तर सगळं मराठी माणसांना पाठ आहे. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून झालेला आकांत, स्वतःचं सोवळं, स्वतःची फजिती, काही म्हणता काही लपवलेलं नाही. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक तर आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. १८९५ साली ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी तुकोबांचा हात सोडला नाही, तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. आणि त्यांच्याही आधी बाबा पदमनजी. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या आत्मचरित्रांत त्यांचं आत्मचरित्र मोडतं, आणि ते मुळात काय आहे? एका माणसानं, कसा बदललो, किती वर्षं कचरलो, कोणाला घाबरलो, हे आपल्याच लोकांना सांगणं. साक्षच ती, लांबलेली. ‘मी’ असं म्हणून प्रामाणिकपणे लिहायचं मराठी माणूस शिकला, त्यात साक्षीचा वाटा आहे असं मी मानते. साहित्यातल्या जाणकारांनी काय ते ठरवावं.

आपल्या किनाऱ्यापुरतं म्हणाल तर स्कॉटिश मिशनचं काम १८२३ साली बाणकोटला सुरू झालं. ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर उभं आहे ते जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत उतरले आणि मराठी शिकायला हर्णैला येऊन राहिले. त्यांची नावं, तारखा, कोण कुठे तापानं वारलं, सगळं लिहिलेलं सापडतं. पण ज्या बायबल बाया डोक्यावर पदर घेऊन, खाडी तरीनं ओलांडून वाडीवाडीत गेल्या, ओटीवर बसून गोष्ट सांगत राहिल्या, त्यांचं काय उरलं? जुन्या अहवालांत पुष्कळदा त्यांची नुसती संख्या असते. आपल्याकडे त्यांच्या नाती-पणती अजून आहेत. त्या ज्या साक्षी द्यायच्या त्यांत ‘माझी आजी म्हणायची’ असं आलं की मी कान टवकारायची. ते दार तुम्ही जूनपासून लावलंत.

निसर्ग वादळाची आठवण करून देते आणि मग मागण्यांकडे वळते. ३ जून २०२० ला दिवेआगरजवळ वादळ किनाऱ्याला लागलं, दापोली-मंडणगडपर्यंत सुपारीच्या बागा झोपल्या, आपल्या चर्चची कौलं उडाली. टाळेबंदीमुळे एकत्र जमायचीही सोय नव्हती. नोव्हेंबरात प्रार्थनास्थळं उघडली, त्यानंतरच्या पहिल्या रविवारी, २२ तारखेला, आपण ताडपत्रीखाली बसलो होतो. तेव्हाच्या पाळकांनी संदेशाचा कागद खिशात घातला आणि म्हणाले, आज तुम्ही बोला. दोन तास लोक बोलले. कोणी पोरांना घेऊन पलंगाखाली कशी दुपार काढली ते सांगितलं. कोणी साठ माड गेल्याचं सांगून पुढे बोलूच शकला नाही. एकानं सांगितलं की शेजारच्या मोहल्ल्यातून रोज डेगभर भात यायचा, वीज येईपर्यंत. तुमच्यातले तिघं आज पंचायतीवर आहेत, ते तिघंही त्या दिवशी बोलले होते. त्या दिवशी कोणी घड्याळ पाहिलं होतं का?

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

दर रविवारची साक्षीची पंधरा मिनिटं पूर्वीसारखी सुरू करा. दर रविवारी जमत नसेल तर महिन्यातून दोनदा करा, पण तोंडी, ज्याची त्यानं. आठ दिवस आधी लिहून देण्याची अट मागे घ्या. ज्यांना लिहूनच द्यायचं आहे, ज्यांना उभं राहायची लाज वाटते, त्यांच्यासाठी ती सोय ठेवा, मी विरोध करणार नाही.

शिस्त हवी, तर तीन-चार साधे नियम घाला आणि ते फळ्यावर लावा. तीन मिनिटं. फक्त स्वतःबद्दल बोलायचं, सुनेबद्दल किंवा शेजाऱ्याबद्दल नाही. आजार बरा झाल्याची साक्ष असेल तर डॉक्टर काय म्हणाले तेही सांगायचं, आणि कोणालाही औषध बंद करायचा सल्ला द्यायचा नाही. यातला शेवटचा नियम पाहुण्यांना सगळ्यांत आधी लागू करा. कापणीच्या सणाला येणाऱ्या पाहुण्यांची तुम्ही नीट चौकशी केली आहे का, हे मला लेखी कळवा. बघा, लेखीची गरज कुठे आहे ते.

साक्षीच्या वेळी कॅमेरा बंद ठेवा. ज्यांची हरकत नसेल त्यांची साक्ष नंतर मुलांना पाठवा. पण विचारून.

कोणी बोलत नाही म्हणून कोणावर जोर करू नका. नवीन बाप्तिस्मा घेतलेल्यांना व्यासपीठावर उभं करून त्यांच्याकडून काहीबाही वदवून घ्यायची पद्धत मधे सुरू झाली होती, तीही थांबवा. त्यांचं जे काही असेल ते त्यांचं पिकायला वेळ द्या.

सत्तरीच्या वरच्या सभासदांकडे जाऊन त्यांच्या साक्षी त्यांच्याच शब्दांत एका वहीत उतरवून घ्या, त्यांची संमती घेऊन. मालवणी, संगमेश्वरी, घाटी, जशी बोलतील तशी. शुद्ध करायला जाऊ नका. हे काम मी आणि संडेस्कूलची दोन मुलं फुकट करू. वही मंडळीनं द्यावी.

आणि हा विषय वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या. ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये नको, तोवर सगळे जेवायला उठलेले असतात.

मी मंडळी सोडणार नाही, वेगळी प्रार्थनासभा काढणार नाही, वर्गणी थांबवणार नाही. कोणाविरुद्ध सह्याही गोळा केलेल्या नाहीत. चिटणीस माझ्या धाकट्या भावासारखे आहेत, त्यांच्या मुलाला पहिली लस मी टोचली आहे. त्यांना वाईट वाटलं असेल तर घरी येऊन बोलावं, चहा करीन.

येत्या रविवारी मी डावीकडे तिसऱ्या बाकावर असेन, वादळानंतर नवीन बसवलेल्या खिडकीपाशी. मला एक गोष्ट सांगायची आहे, दोन मिनिटांची. ती मी लिहून काढलेली नाही.

आपली,
मंडळीची एक सभासद,
निवृत्त परिचारिका, तालुका दापोली

ता. क. मागच्या रविवारी निवेदनांना एकवीस मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं.